सोसण्याचे कौतुक

स्पिरिटचा थंड, तिखट वास आला की रावपुऱ्यातल्या एका रुग्णालयातली दुपार माझ्यासमोर उभी राहते. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेचा दुसरा दिवस होता. खाली रस्त्यावर हॉर्न वाजला तरी माझ्या पोटात टाके थरथरत. तब्येतीची विचारपूस करायला आलेले नातलग शहाळी घेऊन पलंगाभोवती बसले होते. सिस्टर वेदना शमवणारे इंजेक्शन घेऊन आली. "बेन, बहु दुखे छे?" तिने मला गुजरातीत विचारले आणि उत्तर सासूबाईंनी तिच्याच भाषेत दिले, "ना रे, अमारी वहू तो बहु सहनशील छे!" सून एवढी सोशीक म्हणून सगळ्यांनी कौतुकाने माना डोलावल्या. सिस्टरने इंजेक्शन ट्रेमध्ये परत ठेवले. चिरलेले पोट माझे, आणि ते किती दुखते हे ठरवणार घराण्याची अब्रू! "सिस्टर, जाऊ नका. मला असह्य दुखतंय, आत्ता द्या," मी ओरडलेच. शहाळी पिणाऱ्या पाहुण्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. "अगं, पाहुण्यांसमोर काय हे?" सासूबाई पुटपुटल्या. सुई टोचली आणि कळ सावकाश, भरतीच्या पाण्यासारखी मागे सरली. आज तो व्रण बोटांनाही जेमतेम जाणवतो. संताप मात्र तेवढाच ताजा आहे, आणि तो शमावा अशी माझी इच्छाही नाही.