काकीसाठी दाबलेलं बटण

लोकसभेच्या पोटनिवडणुकीत आमच्याकडे चक्क अपक्ष निवडून आला. तलासरीच्या नाक्यावर लोक गुलाल उधळत होते आणि मी घरात पंख्याखाली घाम पुसत बसलो होतो. माझा उमेदवार पडला याचं मला फारसं काही नव्हतं. काकीला तोंड कसं दाखवायचं, ही पंचाईत होती.

काकी आमच्या शाळेत वर्षानुवर्षं खिचडी शिजवायची. पुढे तिचे दोन्ही डोळे गेले. मतदानाआधी तिने मला पाड्यावर बोलावून घेतलं.

"गुरुजी, मशीनपाशी तूच चल माझ्यासंगं. माझा पोरगा त्याच्या मनाचं दाबील. तू नाय दाबणार."

ती कलेक्टरलाही 'तू'च म्हणाली असती. तिला बादलीला मत द्यायचं होतं. बादली म्हणजे त्या अपक्षाचं चिन्ह. तिच्या ओट्यावर बसून त्याने पाण्याचं गाऱ्हाणं शेवटपर्यंत ऐकलं होतं. बाकीचे हात जोडतात आणि पुढच्या घराकडे पळतात.

मी तिला समजावून पाहिलं. अपक्ष कधी निवडून येतो का, मत फुकट जाईल, वगैरे.

"जाऊ दे फुकट," ती म्हणाली. "माझंच जाईल ना?"

मतदान केंद्र आमच्याच शाळेत होतं. माझ्या डाव्या हाताच्या बोटाला माझ्या मताची शाई होतीच. काकीचा सोबती म्हणून कागदावर सही केल्यावर उजव्यालाही लागली. नोकरीत असताना मी कितीतरी निवडणुकांची ड्युटी केली आणि असल्या सोबत्यांना चांगला दम भरला. मतदार सांगेल तेच दाबायचं, आपली अक्कल चालवायची नाही.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे काकी माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. बादली खालून दुसरी होती. माझं बोट वर गेलं, मोठ्या पक्षाच्या चिन्हावर. कुणी धाक घातला नव्हता, कुणाचं मिंधेपण नव्हतं. तिच्यापेक्षा मला जास्त कळतं, एवढीच मस्ती. मशीन वाजलं.

"झालं?" तिने हसून विचारलं.

"झालं."

निकालानंतर चार दिवस मी स्वतःची समजूत काढली. एका मताने काय बिघडलं, तिचाच माणूस आला ना? पण जेवण गोड लागेना. स्वतःची लाज वाटत होती. शेवटी उठलो आणि पाड्यावर गेलो.

"फुकट जाईल म्हणत होतास ना!" माझा आवाज ऐकताच ती म्हणाली. 'माझ्या मताने आणला त्याला,' असं तिने अख्ख्या पाड्याला सांगून टाकलं होतं. तिला दिसत नव्हतं, तरी मी मान खाली घातली आणि सगळं सांगितलं.

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण तिने हळूच विचारलं, "अजून कोणाला बोललास?"

"नाही."

"नको बोलू. हसतील मला."

तेवढ्यात समोरून हंडा घेऊन जाणारी शेजारीण थांबली. "काय काकी, आला ना तुझा माणूस?"

"आला की," काकी मोठ्याने म्हणाली. "गुरुजीला विचार. त्यानंच दाबली ना माझी बादली."

शेजारीण माझ्याकडे बघून हसली. काकीने तोंड दुसरीकडे वळवलं होतं.

मी "हो" म्हणालो.