आईने वाचलेले कागद

मंडळी, आज सकाळी आमच्या सिल्व्हर पार्कच्या सोसायटीत आईची शोकसभा झाली. बसायला खुर्च्या पुरल्या नाहीत.

आई फोर्टमधल्या एका वकिलांकडे सेक्रेटरी होती. आयुष्यभर लोकांची कागदपत्रं टाइप केली. रिटायर झाल्यावर आराम करेल म्हटलं, तर शेजारीपाजारी कागद घेऊन यायला लागले. ती ओळ न ओळ वाचून समजावायची.

आज समोरच्या शबानाभाभी उभ्या राहिल्या. "मेरे मियाँ गुजरे, तो जेठजी पेपर लेके आए, बोले साइन करो. आंटीने पढ़के बताया, इसमें तू घर छोड़ रही है. मैंने साइन नहीं किया. आज भी उसी घर में हूँ."

मला हे माहीतच नव्हतं. दुसऱ्याच्या कागदातलं आई घरातही बोलायची नाही.

सभा संपली तशा तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "आता आम्ही कुणाला विचारायचं गं?"

भाभी लगेच म्हणाल्या, "मेरे पास लाओ. दो साल बिठाके सिखाया है आंटीने."

इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा हसले मी.

तुमच्या बिल्डिंगमध्ये आहे का असं कुणी? त्यांच्याकडून काही शिकून घेतलंत का?