कंपनीला खातंय कोण?

चहाचा कप आधी खाली ठेवा. मागं हे एका मैत्रिणीला सांगत होते, तर तिला असा ठसका लागला की पाठ थोपटून थोपटून माझाच हात दुखायला लागला. ऐकीव गोष्ट नाही, माझीच फजिती आहे. आणि साधीसुधी नाही, नोंदणीकृत कंपनीच्या संचालिकेची फजिती!

व्हय, संचालिका. मीच. कळंबजवळच्या आमच्या गावात आम्ही बायांची कंपनी काढली, कडक भाकरीची. ज्वारीची, पातळ, पापडासारखी मोडणारी, महिनाभर टिकणारी भाकरी. कल्पना माझी, शिक्षण माझं आणि भाषणही माझंच. "नफा कुणी घरी न्यायचा नाही, परत कामात घालायचा. गावातल्या बायांना गावातच काम!" बायांनी टाळ्या वाजवल्या. आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ सुमनकाकूंनी कनवटीला लावलेल्या नोटा काढल्या आणि विचारलं, "कंपनी काढायला लागतंय किती?"

"फार काही नाही हो काकू. सगळं ऑनलाइन आहे."

ऑनलाइन! आता हा शब्द ऐकला की मी आधी पर्स सांभाळते.

कारण आम्ही एक भाकरी विकायच्या आधी कंपनीनंच खायला सुरुवात केली. नाव राखून ठेवायचे पैसे. ते नाव नामंजूर झालं, दुसरं राखायचे परत पैसे. डिजिटल सही, स्टॅम्प, खाण्याच्या पदार्थांचा परवाना, दारावरची पाटी. आणि कहर म्हणजे ऑडिट. वर्षभरात काही विकलं नाही तरी ऑडिट! आमचे कागद बघणारे सीएसाहेब धाराशिवला बसतात. त्यांना मी विचारलं, "काही झालंच नाही, हे तपासायचे पैसे?"

साहेब शांतपणे म्हणाले, "काही झालं नाही, हे कुणीतरी सही करून सांगावं लागतं ना मॅडम."

घ्या!

हे सगळे खर्च माझ्यापर्यंत यायचे आप्पांच्या तोंडून. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते, बाजार समितीतून निवृत्त, कंपनीचे दुसरे संचालक. त्यांना का घेतलं म्हणाल, तर कंपनीला दोन संचालक लागतात, आणि बायांपैकी एकीचंही नाव आधार कार्डावर आणि पॅन कार्डावर सारखं निघेना. आप्पांचं निघालं. एवढीच त्यांची पात्रता! (हे मनात म्हटलं. तोंडावर म्हणायची सोय नाही, घरातले मोठे आहेत.)

आप्पा दर आठवड्याला एसटीनं धाराशिवला जायचे आणि कुणी पेढे आणावेत तसा नवा खर्च घेऊन यायचे.

"रुतुजा, त्या सायबानं आजून एक फॉर्म काढलाय."

"कसला फॉर्म?"

"हाय कसलातरी. भरावा लागतोय."

"आणि मागच्या फीची पावती?"

"मिळंल की! लई घाई तुमा पोरींना."

मिळंल की! आता तुम्हीच सांगा, संशय येणार नाही? अशा किती संस्था म्हाताऱ्यांनी 'मिळंल की' म्हणत म्हणत गिळल्या! मी कॉलेजात पारदर्शकता या विषयावर भाषण ठोकलेली मुलगी. बक्षीस मिळालं नव्हतं, पण ते परीक्षकही मला संशयास्पदच वाटले होते.

मग मी पाळत ठेवायला सुरुवात केली. आप्पांच्या पायात नव्या चपला. कुठून आल्या? फोन आला की आप्पा अंगणात जाऊन बोलतात. का? हल्ली चहात साखर जास्त मागतात, म्हणजे खुशीत आहेत. का खुशीत आहेत?

आईपाशी विषय काढला, तर ती म्हणाली, "आगं, त्यांला कमी ऐकू येतंय आन आत रेंज न्हाय. म्हणून भाईर जात्यात."

"आई, तू फार भोळी आहेस."

"आन तू?"

अशातच मला कळलं की माझी डिजिटल सही सीएसाहेबांच्या ऑफिसातच पडून असते. ही सही म्हणजे पेन ड्राइव्हएवढी निळी वस्तू. ती कॉम्प्युटरला लावून पासवर्ड टाकला, की मी सही केली असं सरकार धरून चालतं. मग मी कुठं का असेना! भाकरी थापत असेन, नाहीतर घोरत असेन!

मी तडक धाराशिव गाठलं. साहेबांनी ड्रॉवर उघडला तर आत रबर लावून ठेवलेल्या सह्यांच्या जुड्या. मेथी-कोथिंबिरीसारख्या.

"सगळ्यांच्या माझ्याकडेच असतात मॅडम. सोयीचं पडतं."

"कुणाच्या सोयीचं?" असं ठणकावून मी माझी सही उचलली आणि घरी आणली.

आता ती ठेवायची कुठं? कपाटाची किल्ली आईकडं, आणि आईचा थोरल्या दिरावर देवासारखा विश्वास. माझी पर्स तर घरातलं कुणीही सुटे पैसे बघायला उघडतं. शेवटी मी सही पिशवीत गुंडाळली आणि ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीत पार कोपरापर्यंत हात घालून खाली सारली. आमच्याकडं बायका पैसे, पाटल्या अशाच धान्यात दडवतात आणि मी त्यांना हसायचे. पण माझं तसं नव्हतं हं! मी विचार करून जागा निवडली होती. ती ज्वारी निवडून, पाखडून ठेवलेली होती. म्हणजे तिच्यात पुन्हा कुणी हात घालणार नाही. आहे की नाही डोकं?

पुढं वर्षाचे फॉर्म भरायची मुदत आली. अगदी शेवटचा दिवस. तो चुकला की रोजचा दंड सुरू, आणि दंड जाणार बायांनी घातलेल्या पैशांतून. नेमकी तेव्हाच आम्हाला पुण्याची पहिली मोठी ऑर्डर लागली होती. त्याच पैशांतून मालाचा खर्च भागवायचा होता. ती ऑर्डर हुकली असती तर कंपनीच्या दारावर नुसती पाटीच उरली असती.

सकाळी आप्पा टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभे. "सही दे. म्या निगालोय, फॉर्म भरून टाकतो."

"मी स्वतः घेऊन येते."

"तुजी मर्जी," म्हणाले आणि एसटी धरायला गेले.

मी कोठीचं झाकण काढलं. हात घातला. नाही. बसून घातला. नाही. अर्धी कोठीत उतरून तळ ढवळला. नाकात भुसकट गेलं, दंडाला कुसळं चिकटली, ज्वारी होती तेवढी होती, आणि सही नव्हती!

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सही आप्पांनी आधीच काढली होती, आणि दारात उभं राहून मागितल्याचं नाटक केलं होतं!

"आई! सही गेली! कंपनीची सही चोरीला गेली!"

आई धावत आली. "आगं बया! कुठं ठिवली हुतीस?"

मी तोंड उघडलं आणि लगेच जीभ चावली. जागा सांगायची नाही! ज्याला जागा ठाऊक, तोच चोर!

"ते चोरानंच सांगावं," मी म्हटलं.

"आगं पर जागा सांगितलीस तर धुंडता यील!"

"तेवढंच सांगणार नाही."

"मंग म्या काय वाऱ्यावर धुंडू? सुमनबाई गिरणीवर गेल्यात, त्या आल्या की त्यांला इचारू."

"कुणाला काही विचारायचं नाही. मला माहीत आहे कोण ते!"

आणि स्कूटीला किक मारून मी निघाले. वाटेत दोन एसट्या गाठल्या, दोन्हींच्या खिडक्यांतून आप्पांचा टॉवेल शोधला. दिसला नाही. म्हणजे पोचलेसुद्धा!

सीएसाहेबांच्या ऑफिसात बाहेरच्या बाकड्यावर पाच-सहा माणसं फायली घेऊन बसलेली. आतल्या केबिनला काचेचं दार. मी काचेला नाक लावलं.

आप्पा आणि साहेब समोरासमोर. कुणी काही बोलत नव्हतं. टेबलावर आप्पांचा टॉवेल पसरलेला आणि दोघांचे उजवे हात त्या टॉवेलाखाली! टॉवेल हळूच हलला. साहेबांनी मान नकारार्थी हलवली. टॉवेल पुन्हा हलला. आप्पांनी डोळे बारीक केले. साहेब गालात हसले.

देवाणघेवाण! दिवसाढवळ्या! बायांच्या पैशांची!

मी दार ढकललं. "हात वर करा! दोघांनीही!"

साहेबांनी खरोखरच डावा हात वर केला. मी टॉवेल ओढला. मला वाटलं, खाली नोटा असतील, माझी सही असेल. खाली काय होतं माहीत आहे? आप्पांनी साहेबांची दोन बोटं मुठीत घट्ट धरली होती. बस्स!

"हे... हे काय चाललंय?"

"सौदा!" आप्पा वैतागले. "बैलबाजारात कधी गेली न्हाईस काय?"

गेले होते हो! लहानपणी शंभरदा बघितलं होतं. बैलाचा भाव कुणी तोंडानं बोलत नाही. टॉवेलाखाली बोटं दाबून बोली लावायची, म्हणजे भोवतीच्या माणसांना कळत नाही. पण टेबल, एसी आणि कॉम्प्युटर बघितल्यावर बैलबाजार कुणाला आठवतो? साहेबांचे वडील जनावरांचे व्यापारी निघाले. आप्पांनी पहिल्याच भेटीत ही माहिती काढून घेतली होती, आणि तेव्हापासून दर आठवड्याला येऊन ते आमची फी एकेका बोटानं खाली आणत होते.

"पावती मागतीस! सौदा ठरलाच न्हाय आजून, तर पावती कशाची देतील?"

"पण टॉवेल कशाला?" मी विचारलं.

साहेब हळूच कुजबुजले, "मॅडम, सवलत दिलेली बाहेरच्यांना कळली तर सगळेच मागतील."

आता शहाण्या मुलीनं काय केलं असतं? गप्प बसली असती. मी मात्र आप्पांना ऐकू जावं म्हणून सगळ्या ताकदीनं विचारलं, "किती कमी केली फी?"

आप्पा माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडले, "निम्मी!"

बाकड्यावरची माणसं फायलींसकट उठून दारात आली. "साहेब, आमालाबी निम्मी का?"

"कुणालाच निम्मी नाही!" साहेब उभे राहिले. "यांनाही नाही! सगळ्यांना पूर्ण!"

आप्पांनी टॉवेल झटकला, घडी केली आणि खांद्यावर टाकला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. कित्येक आठवड्यांची मेहनत मी एका प्रश्नात घालवली होती. तरीही मी मागं हटले नाही. "ते असू दे! माझी सही कुठं आहे?"

तेवढ्यात फोन वाजला. आई.

"रुतुजा, म्या गिरणीवरनं बोलतीया. गिरणी बंद पडली."

"आई, इथं मी कशात आहे, आणि तू गिरणीचं काय सांगतेस?"

"आगं, ऑर्डरीची ज्वारी दळाय टाकली हुती. कोठीतली, निवडलेली. कोठीत मंग शेतातनं आलेली नवी वतली. तर त्या ज्वारीत कायतरी निळं हुतं म्हणं."

मी दंडाला चिकटलेलं कुसळ काढून बघितलं. नवी ज्वारी. भुसकट. कुसळं.

मग गिरणीवाल्या रशीदचाचांनी फोन घेतला. "बेटी, तुमची ज्वारी लई सख्त निगाली! आवाज असा झाला, मला वाटलं मोटर उडाली. जात्याच्या पत्थराला छिन्नीनं टाकी लावावी लागंल आता. आन पीठ बी निळं पडायलंय."

मी फोन ठेवला. साहेबांनी विचारलं, "सापडली का सही?"

"सापडली."

"मग आणा की. फॉर्म तयार आहेत."

"आणते. पण चाळून आणावी लागेल."

आप्पांना सगळं समजावून सांगावं लागलं, तेही मोठ्यानं, बाकड्यावरच्यांसह. वाटलं, आता हे मला फाडून खाणार. पण आप्पांचे खांदे हलायला लागले, आणि मग जे हसले ते हसले! डोळे पुसत साहेबांना म्हणाले, "नवी सही आज निगंल का हो?"

निघणार होती. पैसे भरायचे आणि फोनवरून व्हिडिओ तपासणी द्यायची. ती मंजूर झाली की साहेब तिथूनच फॉर्म भरणार होते. तपासणी कुठूनही देता येते म्हणून मी आप्पांना मागं बसवून गावाकडं निघाले. त्या ऑफिसात थांबायला मला तोंडच उरलं नव्हतं. वाटेत एकटीच हिशेब करत होते. नवी सही, गिरणीचा दगड, फेकून द्यायचं निळं पीठ, नवी ज्वारी, पूर्ण फी. आप्पांनी जेवढं खाल्लं असा मला संशय होता, त्याच्या कितीतरी पुढं आकडा गेला. पुण्याची ऑर्डर छापील पाकिटांऐवजी साध्या पिशव्यांतून गेली, ती त्यामुळंच.

घरी आले तर अंगणात सगळ्या बाया. मी खोलीत फोन उभा केला. पलीकडून तपासणीवाली मुलगी म्हणाली, "ताई, नियम ऐका. एकट्याच बसा, दुसरा आवाज नको. जुनी सही असताना नवी का हवी?"

"हरवली," मी म्हटलं.

खिडकीतून आईचा आवाज. "हरवली कुठं? दळली की!"

व्हिडिओ बाद.

दुसऱ्यांदा. "खराब झाली."

"बारीक झाली म्हण!" या सुमनकाकू.

बाद! मी खिडकी लावली, कडी घातली. तिसऱ्यांदा म्हटलं, "तांत्रिक अडचण आली."

मुलीचा आवाज एकदम कडक झाला. "ताई, तीनदा तीन कारणं सांगितलीत. मला हे संशयास्पद वाटतंय. असं मंजूर करता येणार नाही."

संशयास्पद! मी!

मुदत संपायला थोडाच वेळ उरला होता. मी पदर सारखा करावा तशी ओढणी सारखी केली, कॅमेऱ्यात बघितलं आणि म्हटलं, "मी ऋतुजा, या कंपनीची संचालिका, कुणाच्याही दबावाखाली नसताना सांगते, की माझी सही घरातली माणसं चोरतील म्हणून मी ती ज्वारीत लपवली, कुणालाही जागा सांगितली नाही, आणि ती दळली गेली."

दाराबाहेर अख्खी कंपनी फुटली. आईचं हसू, काकूंचं हसू, आप्पांचा खोकला, सगळं फोनमध्ये गेलं. नियमानं हाही व्हिडिओ बादच! मी डोळे मिटून घेतले.

मग हसू दाबत ती मुलगी म्हणाली, "राहू दे ताई, मंजूर करते. असलं खोटं कुणी सांगत नसतं."