बॉनेटवरचं कुंकू

आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी सगळं बेंगळुरू सुस्तावलेलं असायचं, पण चामराजपेटेतल्या आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसायची. आदल्या दिवशी लोकांनी भक्तिभावाने आपापल्या गाड्यांना विभूतीचे पट्टे ओढलेले असायचे, हळद थापलेली असायची, कुंकवाचे टिळे लावलेले असायचे. सकाळी धुवायला गेलं की टिळा जायचा आणि डाग राहायचा. मग ही सगळी भक्त मंडळी तोंड पाडून आमच्या अण्णांच्या शेडपुढे रांग लावायची.

अण्णा म्हणजे माझे वडील, मालोजी. गाडीचा उडालेला, ओरखडलेला रंग मशीनने पॉलिश करून पुन्हा चकचकीत करणं हा त्यांचा धंदा. "देवाला लांबचं दिसत नाही काय रे?" असं ते गिऱ्हाइकावर करवादायचे. "टिळा काचेवर लावा की. काचेचं स्वल्पही बिघडत नाही!"

गिऱ्हाईक गालातल्या गालात हसायचं, कारण या गुन्ह्यातली मुख्य आरोपी अण्णांच्याच घरात राहत होती. माझी आई, वसुमती. काका-आत्या तिला अक्का म्हणायचे, म्हणून आम्हा दोघा भावंडांचीही ती अक्काच. गाडी तयार झाली की पदराला हात पुसत, करंडा घेऊन ती शेडमध्ये यायची आणि अनामिकेने बॉनेटवर कुंकवाचं छोटंसं स्वस्तिक घालायची. त्याशिवाय जुनी गिऱ्हाइकं गाडी हलवत नसत. अण्णा कपाळाला हात लावून बसायचे. "हे काढतात, मी घालते," अक्का सगळ्यांना सांगायची, "असा आमचा संसार."

स्वस्तिक सुबक असायचं, फक्त त्याची शेवटची रेघ दरवेळी लांबायची. त्याचाही दोष अण्णांच्याच माथी. "तुम्ही इतकं गुळगुळीत करून ठेवता, बोट थांबतच नाही," असं म्हणून ती मोकळी व्हायची.

अण्णा हे काम यशवंतपूरच्या एका गॅरेजात शिकले. तेव्हा मशीन नव्हतं. कंपाउंड, म्हणजे पॉलिशची पेस्ट, लावायचं आणि खांदा भरून येईपर्यंत फडक्याने घासायचं. पुढे त्यांनी स्वतःचं मशीन घेतलं आणि उत्साहाच्या भरात पहिला प्रयोग केला तो घरच्या फियाटवर. दुधाच्या सायीच्या रंगाची फियाट, लग्नानंतर घेतलेली. दाराच्या कडेला रंग मुळातच पातळ असतो, तिथे मशीन जरा जास्त रेंगाळलं आणि खालचा पत्रा दिसायला लागला. अक्का तेव्हा इतकी हसली होती की ते हसू मला अजून ऐकू येतं.

त्या दिवसापासून अण्णा कडांवर चिकटपट्टी लावल्याशिवाय मशीनला हात लावत नसत. लोकांना वाटतं पॉलिश म्हणजे वरून काहीतरी चढवणं. तसं नाही. ओरखडा भरून येत नसतो. त्याच्या आजूबाजूचा रंग अगदी जरासा घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणायचा असतो. म्हणजे प्रत्येक पॉलिशला गाडीचा थोडा रंग जातोच. "काढलेला रंग परत घालता येत नाही," हे अण्णांचं वाक्य आम्ही पाढ्यांसारखं ऐकत मोठे झालो. शेडचे दिवे बंद करून ते हातातला दिवा तिरका धरायचे, गाल बॉनेटला टेकेल इतके वाकायचे आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे शोधायचे. मग मशीनची घुरघुर सुरू व्हायची. आम्ही तिच्या तालावर अभ्यास करायचो. मध्येच अण्णा स्वतःशीच "साकु" म्हणायचे, म्हणजे पुरे, आणि घुरघुर थांबायची.

जुन्या गाड्यांचा रंग मशीनच्या पॅडवर उतरायचा, पॅडवरून अण्णांच्या हातावर. शाळेतून आल्यावर त्यांची नखं बघून आम्ही ओळखायचो, आज निळी गाडी होती की लाल. आता गाड्यांवर पारदर्शक थर असतो. पॅड पांढरंच राहतं आणि हातही कोरे. "मजा गेली गं, निवी," असं अण्णा मला म्हणतात. खरंच गेली. ती रंगीत नखं आणि कंपाउंडच्या वासात मिसळलेला अक्काच्या कॉफीचा वास आठवला की मला मल्लेश्वरममधल्या माझ्या टापटीप फ्लॅटचा राग येतो.

घरच्या फियाटवर अक्का दर आयुधपूजेला स्वस्तिक घालायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा ते मऊ फडक्याने पुसायचे. मग कॉफी होईपर्यंत अबोला. हा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालला. शेवटच्या वर्षी मात्र अक्का स्वस्तिक घालून आत आली, छातीत दुखतंय म्हणाली आणि दवाखान्यातून परत आलीच नाही.

अण्णांनी ते स्वस्तिक पुसलं नाही. फियाटवर ताडपत्री टाकली. कुंकू रंगात मुरत गेलं, लालाचं गुलाबी झालं. जगाच्या गाड्यांवरचं कुंकू एक दिवस न टिकू देणारा माणूस सकाळी कॉफीचा पेला घेऊन शेडमध्ये जायचा, ताडपत्रीचं टोक उचलून बघायचा आणि परत झाकायचा. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. बोलण्यासारखं काय होतं? अक्काच्या हातचं एवढंच तर उरलं होतं.

यंदा माझ्या धाकट्या भावाचं, श्रीहरीचं लग्न ठरलं. मुलगी ऋचा, पुण्याची, त्याच्याच कंपनीतली. तिने श्रीहरीकडून फियाटच्या गोष्टी ऐकल्या होत्या. लग्नानंतर घरी येईन तर त्याच गाडीतून, असा तिने हट्टच धरला. "सरी, चालेल," अण्णा म्हणाले आणि लगेच कामाला लागले. रंग पार मेला होता. हात फिरवला की पांढरी भुकटी लागायची. अण्णांनी छप्पर चकचकीत केलं, दारं केली. बॉनेटपाशी आले तेव्हा स्वस्तिकाभोवती त्यांनी चिकटपट्टीचा चौकोन आखून घेतला. मी पट्टीची टोकं दाबून दिली.

तेवढ्यात ऋचाचा फोन आला. अण्णांचे हात भरलेले, म्हणून मीच स्पीकर लावला.

"अण्णा, एकच रिक्वेस्ट आहे हं," ती म्हणाली. "बॉनेटवर ते अक्कांचं स्वस्तिक असतं ना, ते तेवढं नीट काढा, प्लीज. बाकी काही राहिलं तर चालेल, पण ते राहायला नको."

अण्णांनी चिकटपट्टीच्या चौकोनाकडे बघितलं. मग म्हणाले, "सरी पुट्टी, काढतो." पुट्टी म्हणजे आमच्याकडे लाडाची लेक.

फोन बंद झाला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अजून उंबरठा ओलांडला नाही आणि सासूची खूण पुसायला निघाली! अक्का सवाष्ण गेली. तिच्या हातच्या कुंकवाचं हिला काय वावडं? मी फोन परत लावणार तोच अण्णांनी माझा हात धरला.

"नको. नवीन पोर आहे. नव्या संसारात जुना डाग कशाला, असं वाटत असेल तिला. अक्का असती तर तिनेही पोरीचंच ऐकलं असतं."

त्यांनी चिकटपट्टी सोडवली. मशीन बाजूला ठेवलं. तेवढ्या जागेला हातानेच कंपाउंड लावलं आणि फडक्याने घासत बसले, यशवंतपूरला घासायचे तसे. फडकं गुलाबी होत गेलं. मी तिथे उभी राहू शकले नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी ऋचा गाडी बघायला आली. फियाट अशी झळकत होती की शेडमधले आम्ही सगळे तिच्यात दिसत होतो. ऋचाने कौतुकाने गाडीभोवती चक्कर मारली आणि बॉनेटपाशी थबकली.

"अण्णा, स्वस्तिक काढलं नाहीत?"

"काढलं की."

"मग कुठंय?"

"काढलं म्हणजे आता इल्ला, नाहीच. कसं दिसेल?"

"तूच सांगितलंस ना," मी मध्येच उसळले, "राहायला नको म्हणून!"

"अहो ताई, राहायला नको म्हणजे विसरायला नको!" ऋचा रडवेली झाली. "अक्का प्रत्येक गाडीवर काढायच्या ना, तसंच तुम्ही या गाडीवर काढा, असं म्हटलं मी. आधीचं अजून आहे, हे मला कुठं माहीत होतं?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुण्याकडे रांगोळी काढतात, स्वस्तिक काढतात. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कानडी मुलखात राहिलेले. इथे कानडीत रांगोळी 'हाकतात', म्हणजे घालतात, म्हणून आमच्या मराठीतही ती घालतात. काढायचा तो डाग. ध चा मा करायला कुणी कपटीच लागतं असं नाही. दोन चांगली माणसंही बसल्या जागी करतात.

ऋचा रडायला लागली. माझा राग गेला. अण्णांकडे बघायची हिंमत होईना. तर अण्णा हसत होते. डोळे भरलेले आणि हसतायत.

"ऐकलंत का अक्काबाई," ते कोपऱ्यात पडलेल्या ताडपत्रीकडे बघत म्हणाले, "पुण्यात तुमच्या घालण्यालाही काढणंच म्हणतात. म्हणजे इतकी वर्षं आपण दोघं एकच काम करत होतो." मग ऋचाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "रडू नको पुट्टी. देवघरातून करंडा आण. तू म्हणतेस तसं काढतो."

अण्णांना मी जन्मात कधी कुंकवात बोट बुडवताना बघितलं नव्हतं. त्यांनी शेडचे दिवे घालवले, हातातला दिवा तिरका धरला आणि गाल बॉनेटला टेकेल इतके वाकले. बराच वेळ तसेच बघत राहिले. मग अनामिका कुंकवात बुडवून, श्वास रोखून, एकेक रेघ ओढली. ओढून झाल्यावर मी बघितलं तर शेवटची रेघ लांबलेली होती.

"बोट घसरलं का, अण्णा?" मी हळूच विचारलं.

"घसरलं नाही गं," अण्णा म्हणाले. "खाली तिची रेघ आहे अजून. मुरलेलं कुठं सगळं निघतं? मी नुसता तिच्यावरून गेलो."

लग्न झालं, ऋचा त्या गाडीतून घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा सवयीने मऊ फडकं घेऊन शेडमध्ये गेले आणि बॉनेट सोडून बाकीची सगळी गाडी पुसून कॉफीला परत आले.