गाळ्यातली चिखलाची रेघ

वरवट बकालहून पुढं नदीच्या अंगाला एक लहानसं गाव लागतं. तिथल्या बाजारओळीत मेहबूबचाचांचा गाद्या भरायचा गाळा होता. 'होता' म्हणायला अजून जीभ वळत नाही. लग्नातली गादी असो की बाळंतिणीची उशी, गावाचा कापूस चाळीस वर्षं याच माणसानं पिंजला आणि कुणाचा मूठभर कापूसही कधी इकडचा तिकडं होऊ दिला नाही. ईदेला न्हाऊन, अत्तर लावून निघाले तरी त्यांच्या कानामागं कापसाचा एखादा पुंजका उरायचाच.

तो पुंजका टिपायला अजीजुन्निसा, म्हणजे त्यांची बायको, उंबऱ्यापर्यंत धावायची. या बाईला घाणीचं भारी वावडं. दारात कुणी पाहुणा आला की आधी फडकं, मग सलाम. सगळी बाजारओळ तिची थट्टा करायची आणि पाणी प्यायला मात्र तिच्याच माठाशी यायची.

जुलैत नदी गावात शिरली. गाळ्यात कमरेइतकं पाणी चढलं. दोन दिवसांनी ओसरलं, तेव्हा गिऱ्हाइकांच्या गाद्यांचे चिखलगोळे झाले होते, पिंजायच्या मशीनची मोटर गेली होती आणि भिंतींवर कमरेच्या उंचीला चिखलाची एक सरळ रेघ उमटली होती.

मग तालुका आपत्तिग्रस्त जाहीर झाला. ज्या दुकानांत पाणी शिरलं, त्यांना वर्षाचं गाळाभाडं आणि परवान्याची फी माफ. उद्या साहेब पंचनाम्याला येणार, असं भोंग्यावरून सांगितलं. चाचांचा जीव भांड्यात पडला. माफी मिळाली तर हाताशी होतं त्यात मोटर बसणार होती. नाही मिळाली तर मोटर किंवा भाडं, दोन्हींपैकी एकच. आणि भाडं थकलं की दिवाळीनंतर गाळ्याचा लिलाव. सगळं त्या पंचनाम्यावर येऊन ठेपलं होतं.

चाचा दिवसभर लोकांच्या गाद्या शाळेच्या गच्चीवर वाळत घालत होते. कापूस लोकांचा, आपल्याकडं अमानत, आधी तो. संध्याकाळी गाळ्यात आले तर आत लख्ख. अजीजुन्निसानं चिखल उपसून, भिंती घासून, त्यावर चुन्याचा हात फिरवला होता. साहेब येणार म्हणजे पाहुणाच की! चाचांनी तिला शाबासकी दिली. होय, त्यांनी स्वतः दिली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. "पाणी कुठवर होतं?"

चाचांनी कमरेशी हात धरला. साहेबांनी फोन वर करून चारी भिंती न्याहाळल्या. "खूण कुठंय? कोणी पुसली?"

"म्याच पुसली," अजीजुन्निसा पदर सावरत हसली. "तुमी येऊन राह्यले, मंग तुमाले घाणीत कसं बसवाचं? चहा ठेवला हाये."

माणूस भला होता. चहा प्यायला, आणि निघताना दाराबाहेर हळूच म्हणाला, "चाचा, फोटोत खूण लागते. मी लिहितो, पण वरचे लोक ते धरतील असं वाटत नाही." कपबशा विसळणाऱ्या अजीजुन्निसाला ते ऐकू गेलं नाही.

शेजारी सहदेवची पिठाची गिरणी. त्याच्या आळसापायी बायको केसरबाई जन्मभर कावलेली. त्यानं भिंतीला बोटही लावलं नव्हतं, म्हणून त्याची माफी पक्की होती. पण मित्र जिवाचा. म्हणाला, "चिखल लाव ना बे परत! मी फोटो काढतो. कोणाले कयते?"

"मले कयते," चाचा म्हणाले.

माफीच्या यादीत चाचांचं नाव आलं नाही.

"अदीबाचे अब्बा, आपलं नाव काऊन नाई आलं?" तिनं विचारलं. अदीबा म्हणजे चिखलीला दिलेली त्यांची लेक.

"अर्ज लय होते. नंबर नाई लागला."

यापलीकडं ते कधी बोलले नाहीत. खरं कारण सांगणारं एक वाक्य, आणि फडकं उचलताना ती आयुष्यभर कचरली असती. त्यांनी ते वाक्य गिळलं आणि दिवाळी व्हायच्या आधीच गाळा सोडत असल्याचा अर्ज स्वतःच्या हातानं देऊन आले.

मशीन भंगारात गेली. ती न्यायला माणसं आली, तेव्हा सहदेवही हात लावायला आला. मागच्या भिंतीला चिकटून बसवलेलं ते धूड हललं आणि मागं उघडी पडली चिखलाची रेघ. हातभर लांब, कमरेच्या उंचीला, जशीच्या तशी. तिथं ना घासणी पोचली होती ना चुना, आणि तिथं बघायचं कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. साहेबांच्या नाही, चाचांच्याही नाही. सहदेवनं तोंड फिरवलं.

चाचा भिंतीला तळवा लावून उभे राहिले. तेवढ्यात अजीजुन्निसा शेवटचा झाडू मारायला आत आली आणि तिची नजर गेली.

"हाय अल्ला! हे त राह्यलंच!" ती ओशाळली. "माह्या ध्यानातच नाई आलं पाहा. नव्या माणसाले असा गाळा द्याचा का आपण? सरका, मी पुसते."

चाचा सरकले. तिला वाकायला जड जातं, म्हणून पाण्याची बादली त्यांनीच उचलून तिच्याजवळ धरली, आणि ती रेघ पुरती निघेपर्यंत धरून ठेवली.