कारभारी गुरुजींच्या दोनशे अकरा गोळ्या

कारभारी गुरुजींनी आयुष्यभर एकाच लढाईचा ध्यास घेतला, आणि ती लढाई झाली होती की नाही हेच कुणाला नीट ठाऊक नव्हतं. आमचं गाव भोकरदनच्या पुढं. गावाच्या वरच्या अंगाला माळ आहे. तिथं दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी दोन मराठी फौजा एकमेकींवर तुटून पडल्या, एवढंच गाव सांगतं. दोन्हीकडं आपलीच माणसं. इंग्रज नाही, मोगल नाही, त्यामुळं कुणाला अभिमान नाही आणि पुस्तकात ओळ नाही. गुरुजींना याचा फार राग. घरातलं भांडण म्हणून झाकून ठेवतात, असं ते स्टाफरूममध्ये मला तावातावानं ऐकवायचे. मी गणिताचा मास्तर, मान डोलवत वह्या तपासायचो.

माळाखालच्या शेतांत खुरपताना शिशाच्या गोळ्या सापडत. लोक त्या गुरुजींकडं आणून देत. गोळी आणणाऱ्याला गुरुजी ओसरीवर बसवत, चहा सांगत आणि तासभर लढाई ऐकवत. फौज कुठून आली, घोडी कुठं रुतली, सगळं. आत दैवशालावहिनी चहा उकळत असायच्या. त्यांच्याशी गुरुजी कामापुरतंच बोलत. माणूस वाईट नव्हता, पण बायकोशी काय बोलायचं असतं, अशा समजुतीत वाढलेला होता. आमच्यातले निम्मे तसेच.

वहिनी चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा कल्याण जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात, बिऱ्हाड तिकडंच. रविवारी त्याचा फोन येतो, जेवलात का विचारतो आणि संपतो. गोळ्या आणणारेही थांबले. आता ट्रॅक्टर फिरतो आणि तणावर औषध मारतात, मातीकडं वाकून बघतं कोण? गुरुजी एकटे पडले. मी गेलो की मला उठू देत नसत. खरं सांगायचं तर मीच कधीकधी त्यांची गल्ली टाळायचो, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

गेल्या दिवाळीनंतर संभाजीनगरहून मीना नावाच्या एक संशोधक बाई आल्या. मराठी सरदारांच्या आपसातल्या लढायांवर त्यांचा अभ्यास. गुरुजींनी इस्त्रीचा सदरा घातला आणि पेढ्यांची जुनी खोकी पुढं केली. दोनशे अकरा गोळ्या! चिंच लावून घासलेल्या, कापसावर मांडलेल्या, लहानीशेजारी लहान, मोठीशेजारी मोठी. बाईंनी विचारलं, यातली कुठली गोळी कुठल्या शेतात सापडली?

ते गुरुजींनी कधी लिहूनच ठेवलं नव्हतं.

मग बाईंनी शांतपणे समजावलं. दोन्ही बाजूंची पत्रं मिळाली तरी दोघंही आपणच जिंकलो म्हणतात. म्हणून जमिनीला विचारावं लागतं. गोल गोळी म्हणजे बंदूक भरताना हातातून पडलेली, तिथं शिपाई उभा असणार. चेपलेली म्हणजे उडून आदळलेली, तिथं बहुधा समोरचा. एकेक जागा नकाशावर टिंब देऊन मांडली की फौजा कुठं उभ्या होत्या आणि कुठं मागं सरल्या ते दिसतं. चेपलेल्या गोळ्या कुठं आहेत, असंही त्यांनी विचारलं. गुरुजींनी त्या खराब म्हणून नदीवर जाळं टाकणाऱ्यांना, जाळ्याला वजन म्हणून बांधायला देऊन टाकल्या होत्या. बाई रागावल्या नाहीत. चाळीस गोळ्यांची जागा जरी खात्रीनं कळली तरी या लढाईवर लिहिता येईल, एवढं सांगून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून गुरुजी वही घेऊन दारोदार. मला सोबतीला ओढलं. कुणी वारलेलं, कुणी पुण्याला गेलेलं. जे होते ते म्हणत, दिली असंल बा, ध्यानात न्हाई. काहींनी म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून कुठलंही शेत दाखवलं. एका घरात दोघा भावांनी एकाच गोळीसाठी दोन टोकांचे बांध सांगितले आणि वर आपसात जुंपली. गुरुजींनी दोघांचंही खोडलं. बारा दिवस झाले आणि वहीत एकही जागा टिकली नाही.

शेवटी गिरिजाबाई राहिल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, पण डोकं शाबूत. सावडीनं, म्हणजे आज तुझ्या शेतात तर उद्या माझ्या, असं ज्या बायका खुरपायला जात, त्यांच्यातल्या त्या. वहिनीही त्याच टोळीत असत. गुरुजींनी प्रश्न विचारला. गिरिजाबाई जरा घुटमळल्या.

"गुरुजी, दिल्या आम्ही, पर सापडल्या त्या लई करून दैवशालाला. नजर तिचीच. मला म्हणायची, तू नेऊन दे. मी दिली तर डब्यात टाकतेत आन् पेपर वाचीत बसतेत. तू नेली की तुला बसवून समदं सांगतेत, मंग मला चुलीपाशी ऐकू येतं."

गुरुजी उभेच होते. त्यांनी विचारलं, तिच्या ध्यानात राहायच्या का जागा?

"बराबर राह्यच्या. भाकर खाताना शेतावार मोजून दाखवायची आम्हाला. म्हणायची, त्यांनी कधी इचारलं तर सांगता याया पाह्यजे."

गुरुजींनी वही मिटली. आम्ही त्यांच्या घरी आलो. त्यांनी चहा ठेवला, तो उतू गेला, पुन्हा ठेवला. मला वाटलं, आता बाईंना काय कळवायचं ते विचारतील.

"मास्तर," ते म्हणाले, "दोनशे वर्षांमागं कोण शिपाई कुठं उभा होता, ते मी जन्मभर शोधून राह्यलो. आन् घरातलं माणूस आत उभं राहून माझंच ऐकून राह्यलं होतं. मी एकदा जरी हाक मारली असती, तर ती भायेर येऊन बसली असती."