नवसाचा शनिवार आणि वाहती टाकी

नवस बोलताना माणूस पुरता शुद्धीवर नसतो. असता तर जरा घासाघीस करून बोलला असता. यांच्या छातीत कळ आली आणि नगरच्या एका दवाखान्यात यांना काचेच्या दाराआड नेलं, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून मी एलियाहू हन्नाबींचा धावा केला. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. अडीअडचणीला आमच्यात याच संदेष्ट्याचं नाव घेतात आणि काम झालं की पोहे, खोबरं, गूळ, फळं असा मलिदा करून आभार मानतात. मी मलिद्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण तोंडातून निघून गेलं, "यांना घरी आण देवा, मी शब्बाथ पाळीन. पुरता पाळीन."

आणि देवाने ऐकलं. पंधराव्या दिवशी हे घरी आले आणि मी कात्रीत सापडले. शब्बाथ म्हणजे शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत विसावा. विस्तव पेटवायचा नाही, बटण दाबायचं नाही, कसलंही काम करायचं नाही. आमच्याकडे आजवर शुक्रवारी दिवे लागत, मनुकांच्या सरबतावर किद्दुशची प्रार्थना होई, हे जेवून तृप्त होत. आणि शनिवारी सकाळी मी पदर खोचून गाद्या उन्हात टाकायला मोकळी! उपास सांगा, दोन दिवस करीन. पण नुसतं बसणं मला जमत नाही. मी बसले की घर बंद पडेल, अशी माझी चाळीस वर्षांची खात्री. खरं सांगायचं तर देवावर माझा भरवसा होता, पण मी उभी राहून बघत असेन तेवढ्यापुरताच.

आता मात्र मनात भीती बसली होती. डॉक्टरांनी सांगितलेलं, यांनी जिना चढायचा नाही, चिडायचं नाही. आणि मला वाटे, नवसात खोट आली तर दिलेला माणूस परत नेतील.

तो शुक्रवार मी युद्धासारखा लढले. नारळाच्या दुधातला कोंबडीचा रस्सा केला, चपात्या लाटल्या, शनिवारच्या चहाचा थर्मास भरला, चादरी बदलल्या, दार उघडताच लागतो म्हणून फ्रीजमधला दिवा काढून ठेवला, पंखा चालू ठेवला. राहिलं पाणी. भिंगारला आमच्या गल्लीत पाणी चार दिवसांनी येतं. ते हौदात साठवायचं आणि मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. शनिवारी मोटर लावायची कुणी? यावर मी तोड काढली. बाजारातून वेळ लावायचं यंत्र आणलं आणि जिन्याच्या टोकाला, गच्चीच्या दाराआड असलेल्या मोटरच्या बटणाला जोडून घेतलं. दहा वाजता मोटर आपोआप सुरू होणार, कुणी हात लावायला नको. यंत्राकडे बघून मला स्वतःचाच अभिमान वाटला. मग नवी साडी नेसून मी दिवे लावले, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना केली आणि खुर्चीत बसले. हे म्हणाले, "अगं, टेकून बस. कुणी फोटो काढत नाहीये."

शनिवारी दहाच्या ठोक्याला मोटर सुरू झाली. मी यांच्याकडे विजयी नजरेने पाहिलं. साडेदहाला टाकी भरली आणि पाणी पन्हाळीतून अंगणात कोसळायला लागलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की यंत्रावर सुरू व्हायची वेळ मी लावली होती, बंद व्हायची लावलीच नव्हती.

मी जागची हलले नाही. हलून करणार काय? बटण दाबायचं नाही. दुसऱ्याला "दाब" म्हणून सांगायचंही नाही. आपल्यासाठी त्या दिवशी इतरांनाही कामाला लावायचं नसतं. पण आमच्या जुन्या लोकांनी एक पळवाट ठेवलेली आहे. उघड सांगायचं नाही, नुसतं सुचवायचं. समोरच्याने आपण होऊन केलं तर केलं. आणि देवाची करणी, तेवढ्यात शेजारची अलका फाटकातून आत आली. ती श्रीगोंद्याकडची, कामाला वाघ, मनाने सोनं.

"काकू, टाकी वाहतीया तुमची."

"हो ना, वाहतेय खरी," मी म्हटलं.

"लई पानी चाललंय."

"फारच चाललंय. आज आमचा शब्बाथ. मला कशाला हात लावता येत नाही." एवढं बोलून मी जिन्याकडे पाहिलं. "वरचं दार उघडंच आहे."

"अगं बया! आन् आधी सांगायचं न्हाई व्हय?" म्हणत अलका धडाधड जिना चढली. मी डोळे मिटून देवाचे आभार मानले. वर कडी वाजली. अलका खाली आली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "लावलं बगा दार. उघडं ठिवू नका, मांजर शिरतंय. आन् वर समदं ओलं झालंय, जपून जावा."

"आणि मोटर?" हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी तो गिळला. अलका पुढे म्हणाली, "म्या म्हनलं, सणाची टाकी धुवायला काढली असंल काकूंनी." मग ती ऐसपैस बसली. थर्मासमधला चहा प्यायली. यांची चौकशी केली. आणखी अर्धा कप प्यायली. यंदा आंबा कसा महाग आहे ते सांगितलं. बाहेर आमचं चार दिवसांचं पाणी गटाराला मिळत होतं आणि मी "हो का, हो का" करत होते. यांनी तोंडावर उशी धरली होती. हसू नका म्हणून डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, पण सांगायला हवं होतं.

अलका गेली आणि यांचं हसू ओसरलं. "हौद रिकामा झाला तर मोटर जळेल," हे म्हणाले. "मी जातो. पाप मला लागू दे." आणि खरंच पलंगावरून उतरले. मी आडवी आले तर मला बाजूला सारून निघाले. जिन्याची पहिली पायरी चढले, कठड्याला धरून उभे राहिले. कपाळावर घाम. तो घाम मी ओळखत होते. याआधी एकदाच पाहिला होता.

माझं डोकं एकदम लख्ख झालं. जिवापुढे शब्बाथ नाही, हेही आमच्या धर्मानेच सांगितलंय. यांना पायरीवर बसवलं, "हललात तर माझी शपथ" म्हटलं आणि धावत वर गेले. अलकाने लावलेली कडी काढली. मनात म्हटलं, देवा, मला नाही जमलं. नवस मोडला तर मोडला. शिक्षा करायची तर मला कर, यांना हात लावू नकोस. आणि बटणाकडे बोट नेलं.

बोट बटणापासून वीतभर असेल, तोच मोटर थांबली.

मी बटणाकडे बघत राहिले. मग गल्लीतून ओरडा झाला, "लाईट गेली ऽऽ!" भर उन्हाळ्यात, शनिवारी सकाळी अकरा वाजता. घराघरांतून शिव्या निघाल्या. त्या गल्लीत लाईट गेली म्हणून रडत देवाचे आभार मानणारी बाई मी एकटीच.

खाली आले तर फाटकाशी एक अनोळखी माणूस. डोक्यावर पिवळी टोपी, खांद्यावर दोराचं वेटोळं. "ताई, वाईच पानी द्या प्यायला. खांबावर फांदी पडलीया, म्या लाईन बंद केली. दिवस मावळंस्तवर काय लाईट येत न्हाई." मी पाणी दिलं. तो दोन तांबे गटागटा प्याला, पायरीवरच्या यांच्याकडे पाहून म्हणाला, "बाबांना आत न्या, निवांत निजू द्या. आन् तुमीबी बसा की जरा, दमलाय तुमी." मी तांबे ठेवायला आत गेले, बाहेर आले तर तो नव्हता. पुढे आठवडाभर मी चौकशी केली. अलका म्हणाली, तिने असा कुणी पाहिला नाही. हे म्हणतात, त्याची फटफटी त्यांनी स्वतः ऐकली. मी वाद घालत नाही. एलियाहू हन्नाबी अग्निरथातून वर गेले असं आम्ही मानतो, मग खाली येताना ते फटफटीवर बसले तर कुणाचं काय गेलं?

यांना आत आणून निजवलं. घाम हळूहळू निवला. पंखा बंद, म्हणून मी जुन्या कॅलेंडरने वारा घालत पलंगाशी बसले. करायला काहीच उरलं नव्हतं. हे मला म्हणाले, "त्या काचेच्या खोलीत मला एकच वाटत होतं. तुझ्याशी निवांत बोलायचं राहूनच गेलं." चाळीस वर्षं मी या माणसाला वेळेवर जेवू घातलं, पण त्याच्याजवळ अशी दुपारी कधी बसले नव्हते. मग हे बोलत राहिले, लग्नाआधीचं, यांच्या आईचं, मला माहीत नसलेलं कितीतरी. मध्येच यांनी माझ्या हातातलं कॅलेंडर घेतलं आणि मला वारा घालायला लागले. मी "राहू द्या" म्हणणार होते. म्हटलं नाही. तिथेच पलंगाच्या कडेला डोकं टेकलं आणि झोपले.

जाग आली तेव्हा खिडकीत तीन तारे होते. मोजून तीन. मी अख्खी दुपार झोपले होते आणि घर जागच्या जागी होतं. हे उशाशी बसले होते, शांत श्वास घेत, कॅलेंडर अजून हलतच होतं.

मी हात जोडले. देवा, मी यांना माझ्याजवळ ठेव म्हणून मागितलं होतं. तू मला यांच्याजवळ बसवलंस.